नाला भरायच्या आधी

१४ नोव्हेंबर
धुकं असं का समोरचा डोंगरच गायब. चुलीजवळून हाललो नाई. कमल म्हणे, इथी माणूस मेला तरी दुपारशिवाय कोणाले दिसायचा नाई. मी म्हटलं, मरणारा दुपारपर्यंत थांबीन ना, घाई काय आहे. हसली नाई. नागभीडच्या घराले कुलूप लावताना जी अट घातली होती ती पुन्हा ऐकवली. पावसाळ्यात नाला भरला का हे गाव तुटते, गाडी बंद. तं नाला भरायच्या आधी ती सांगणार, इथी राहायचं का परत जायचं. तोवर मी तोंड उघडायचं नाई. कबूल. रिटायर माणसाले तसंही कोण विचारते.

२० नोव्हेंबर
सं. मुक्कामी एसटी आली. गोटुलाजवळ, गावाच्या बैठकीच्या घरापाशी लावली, मी लावत होतो तिथंच. रिव्हर्स घेताना माहा पाय उगाच ब्रेकवर दाबल्यासारखा झाला.
बारा वर्षं ही गाडी मी आणली. अंधार पडता यायचं, कोणाच्या तरी ओसरीत जेवायचं, झोपायचं, उजाडायच्या आत निघायचं. तेव्हाच ठरवलं होतं, स्टेअरिंग सुटलं का इथीच येऊन राहीन. पण इथलं ऊन काही पाह्यलं नव्हतं मी कधी. आता रोज पाहतो. आधी डोंगराचा माथा, मंग मोहाचे शेंडे, मंग आमचं छप्पर. चहा घेऊन बसलो का उठावंसं वाटत नाई. क. म्हणे, सूर्यच आहे तो, नागभीडलेबी येते.

१८ डिसेंबर
थंडी बेक्कार. शेजारच्या रैनीबाईच्या अंगणात शेकोटी. तिचं मराठी तुटकं, क.ले माडिया भाषेतला एक शब्द येत नाई. तरी दोघी बसून राहतेत. काय बोलतेत कोण जाणे. घरी आल्यावर क. मले सांगते, रैनीची सून बाळंतपणाले माहेरी गेली आहे अन् बकरी आजारी आहे. मी म्हटलं, हे तुले समजलं कसं? म्हणे, बायकांले समजते.

२१ डिसें.
शेकरू! गोटुलामागच्या झाडावर. शेपटी हातभर, रंग तांब्याच्या भांड्यासारखा. क.ले हाक मारली. ती हातातलं पीठ तसंच घेऊन आली, पाहत राह्यली. मंग मले म्हणे, एवढ्यासाठी वरडत होता का? पण पीठ वाळेपर्यंत हालली नाई.

९ जानेवारी
रैनीबाईनं लाल मुंग्यांची चटणी पाठवली. मी दोन भाकरी हाणल्या. क. नाक मुरडत बसली, मंग बोटानं चाटली, मंग म्हणे लिंबासारखी लागते, मंग द्रोण साफ. सर्दी पळाली म्हणे. मी गप. आजकाल गप राहायचीच नोकरी आहे माही.

१६ फेब्रु.
काटेसावर फुलली, पळस बी. डोंगराच्या अंगावर कोणी गुलाल टाकून पळाल्यावानी. टेकडी चढून फोन लावला, वरच रेंज येते. मीनाचं तेच, आईले कधी पाठवता. क.नं फोन घेतला, लेकीले सांगून राह्यली होती का इथी करमत नाई, टीव्ही नाई, भाजीपाला नाई. उतरताना रस्त्यात तीनदा थांबून पळसाची फुलं ओच्यात भरली. कशाले? तं म्हणे, असू दे.

२२ मार्च
मोह पडून राह्यला. सगळ्या गावाले वास. रैनीबाई अंधारातच टोपली घेऊन आली अन् क.ले घेऊन गेली. अस्वलाची भीती आहे, म्हणून दोघी गाणे म्हणत जातेत. अस्वलबी पळत असन, क.चा आवाज मले माहीत आहे. उन्हं वर आल्यावर आली ती हात चिकट, केसांत फुलं, साडी कमरेले खोचलेली. लग्नानंतर तळ्यावर फिरायले नेलं होतं तेव्हाची आठवली. म्हणे, उद्या पुन्हा जाते. मी तोंड फिरवून हसलो.
वाटते जमलं. लिहायचं नाई, पण वाटते.

२ एप्रिल
क. सकाळी म्हणे, या दिवसांत नागभीडले कैरीची चटणी असते ताटात. बस. घरामागच्या आंब्याले कैऱ्या लटकून राह्यल्या, घरमालकानं तं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, फळ तुमचंच समजा. काठीले हूक बांधला. पोतंभर काढल्या. क.नं चटणी वाटली, मी चाटली, तिनं चाटली. जीभ आंबली, मजा.
मंग आपण एकटे खायचं कसं? घराघरांत वाटायले निघालो. रैनीबाईच्या दारात दहा-बारा ठेवायले गेलो तं तिनं हात पाठीमागे नेले. दुसऱ्या घरी दार लोटलं. तिसऱ्या घरी म्हातारा नुसता कैऱ्यांकडे पाहत राह्यला. कोणी एक घेतली नाई. मले वाटलं, आपल्या हातचं घेत नाईत का काय. राग आला. पोतं तसंच घरी.

४ एप्रिल
दु. वादळ. गारा. पंधरा मिनिटांत गावातल्या आंब्यांखाली सडा. आमचा तं झाडून रिकामा.

७ एप्रिल
रैनीबाई मोहाले बोलवायले येत नाई. क. उजाडायच्या आधी उठून, टोपली घेऊन दारात बसून राहते. मंग टोपली ठेवते अन् काहीबाही धुवत बसते.

८ एप्रिल
क. आज स्वतःच रैनीकडे गेली. अर्ध्या तासानं आली ती लाल होऊन. रैनीनं सांगितलं, आंब्याचा पंडुम, म्हंजे नव्या फळाचा सण, झाल्याशिवाय आंब्याले हात लावायचा नसते. गाव मिळून पूजा करते, गायता पहिला आंबा देवाले देते, मंग माणसं खातेत. आधी तोडला तं वारा-गारा येते म्हणतेत. अन् मी पोतंभर तोडून दारोदार वाटत फिरलो.
क. म्हणे, "बारा वर्षं इथी काय झोपाच काढल्या का तुमी?"
काढल्याच ना. पंडुमच्या दिवशी गाडी घेऊन आलो का जेवण मस्त राह्यचं, ढोल राह्यचा. पंडुम म्हंजे जेवण, एवढंच मले माहीत. कोणी सांगितलं नाई अन् मी विचारलं नाई, सकाळची गाडी काढायची होती.
जेवण गेलं नाई. क. म्हणे, माही एक मैतरीण झाली होती या रानात, तीबी तुमी घालवली. रडली. मले लय वाईट वाटलं. आता ती जाणारच, पक्कं.

९ एप्रिल
दसरू गायत्याकडे गेलो, दोघंही. गावची पूजा-बिजा तोच करते. जोहार केला. तो सुतळी वळत होता, वळतच राह्यला. मी सगळं सांगितलं, चटणीसकट. क.नं मधी टाकलं का कैरी तिनंच मागितली होती. नव्हती मागितली खरं तं. गायता म्हणे, गावाले विचारतो.

१९ एप्रिल
पंडुम झाला. आमाले बोलावलं, बसवलं. कोंबडा माह्याकडून. पूजा झाली, पानावर कापलेल्या कैऱ्या फिरल्या, सगळ्यांच्या हातावर फोड. आमच्या दोघांपाशी आल्यावर गायत्यानं पान पुढं सरकवलं, आमाले नाई.
म्हणे, "डायवर भाऊ, या वर्षी तुमच्या घरी आंबा नाई. कच्चा नाई, पिकला नाई. पुढच्या पंडुमले दोघं इथी बसा, गावासोबत खा. मंग झालं."
मी विचारलं, हिचं बी? तिनं तं चाटलीच होती नुसती. गायता म्हणे, चूल एकच ना तुमची?
सगळे हसले. रागावलेलं कोणी दिसलं नाई. भात-मटण पोटभर वाढलं. रैनीबाई क.जवळ येऊन बसली.
घरी येताना मले मात्र डोक्यात तेच, पुढच्या पंडुमले दोघं. अन् ही नाल्याच्या आधी जायची. मंग काय मी एकटा जाऊन बसू?

३ मे
ऊन लय. सगळं गाव तेंदूपानाले जाते. तेंदूची टेंभरं पिकली, चारोळीची चारं पिकली. टेंभरं खाऊन जीभ जड झाली. रोज सकाळी डोंगरावरून वारा येते तेवढाच काय तो स्वर्ग. पांढऱ्या पोटाची दोन धनेश रोज वडावर येतेत, चोच अशी का उचलायले माणूस लावा.

१७ मे
उरलेसुरले आंबे पिकले. वासानं जीव जाते. क.चा तं आंबा म्हंजे प्राण, पाच-पाच किलोचा रस करणारी बाई. काही बोलली नाई.
आज पाह्यलं. रैनीबाई आंबा खात येऊन राह्यली होती. आमच्या कुंपणाशी थांबली, कोय लांब फेकली, हात धुतले, तोंड धुतलं, पदराले पुसलं अन् मंग अंगणात आली. क.नं बी पाह्यलं. दोघी चारं निवडत बसल्या दिवसभर.

६ जून
ढग. डोंगर निळे. नाल्यात पाणी नाई अजून, पण मुंग्या अंडी घेऊन वर चढून राह्यल्या. मी विचारत नाई. कबूल केलं आहे. नाल्याकडे मात्र रोज दोन चकरा.

१३ जून
मीनाचा फोन आला तेव्हा क. टेकडीवर एकटीच गेली होती. उतरून आली अन् ट्रंक काढली. मीनाले दिवस गेले, तिसरा महिना, उलट्या थांबत नाईत. मी म्हटलं, जाच. ती म्हणे, उद्याच्या गाडीनं निघते.
मी ट्रंकेचं कुलूप शोधून दिलं. पण तोंड पाह्यलं असन तिनं माहं. म्हणे, "मी लेकीसाठी जाऊन राह्यली. तुमी त्याचा काही अर्थ काढू नका. सांगायचं तेव्हा सांगीन."

१४ जून
उजाडायच्या आधी गाडी. रैनीबाई अंधारात उभी. क.च्या पिशवीत चारोळी घातली. गाडी वळेपर्यंत मी हात वर करून उभा. पहिल्यांदा वाटलं, मी या गावात राह्यलो अन् गाडी गेली.

१९ जून
रात्रभर डोंगरावर गडगडाट. सकाळी नाला भरला. गाडी आली नाई, येणार बी नाई. तिनं काही सांगितलं नव्हतं अन् आता सांगायची मुदत गेली.
घर मोठं वाटते. भात करपला. रैनीबाईनं भाजी आणून दिली, उंबऱ्यावर ठेवून गेली.

२३ जून
मागचा आंबा धुऊन हिरवागार. झाडाखाली बसलो. पाणी कुठून कुठून आवाज करून राह्यलं, नुसतं ऐकावं. वाईट नाई दिवस. ती असती तं म्हणाली असती, ओले बसू नका.

२८ जून
पाऊस थांबला म्हणून टेकडी चढलो. पाय घसरत होता. मीनाचा फोन लागला, उलट्या कमी आहेत. मंग आवाज बारीक करून म्हणे, बाबा, आईले शुगर झाली का? लपवून राह्यली का ती? मी म्हटलं, काऊन?
म्हणे, "घरात टोपलंभर आंबे आहेत. यांनी मुद्दाम आणले तिच्यासाठी. मी रस केला, वाटी पुढं ठेवली, तं तिनं बाजूले सरकवली. लोणच्याची फोडबी नाई तोंडात टाकत. विचारलं तं म्हणते, या वर्षी नाई. एवढंच. मंग मी शेजारच्या डॉक्टरले विचारते म्हटलं तं माह्यावरच ओरडली."
मी तिथंच दगडावर बसलो. मीना हॅलो हॅलो करत होती. म्हटलं, शुगर-बिगर काही नाई तिले, बाई. जबरदस्ती करू नको. आईले फोन दे. म्हणे, आई देवळात गेली.
मंग रेंज गेली. दोन-तीनदा लावून पाह्यला, लागला नाई. खाली नाला लाल होऊन वाहून राह्यला, पलीकडचा रस्ता दिसत नव्हता. पाऊस पुन्हा आला तरी मी दगडावर बसूनच होतो, येड्यावानी हसत. सांगितलं तिनं अजून काहीच नाई. नाला उतरायले अजून लय दिवस आहेत.