पाच महिने कळ काढ

१२ जानेवारी

ती. दादा,
सा. न. वि. वि.

आधी आनंदाची बातमी. वैद्यकीय मंडळाकडून माझं डॉक्टरकीचं लायसन्स पाच वर्षांसाठी नवं होऊन आलं. तू सगळे कागद क्रमाने लावून, वर चिठ्ठ्या चिकटवून पाठवले होतेस. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, हे कोणी लावलंय, आमच्याकडे नोकरी करतील का? मी सांगितलं की ते मोठे फिजिशियन आहेत, फक्त बहिणीच्या बाबतीत कारकून होतात.

नेत्ररुग्णालयातली जागाही कायम झाली. मोतीबिंदूच्या दिवशी आठ-नऊ ऑपरेशनं होतात. काल एका आजींची पट्टी काढली, तर त्या माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या की आवाजावरून तुम्ही उंच वाटला होतात.

तू पाठवलेला विम्याचा अर्ज अजून टेबलावरच आहे, ओरडू नकोस. एक विचारायचं होतं. तीन आठवडे झाले, उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर असतं. एप्रनचं बटण लावायला वेळ लागतो. जिना उतरताना उजवा पायही जरा रेंगाळतो, पण तो बहुधा नव्या चपलांचा प्रताप. कुणाला दाखवू?

वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती वाढती ठेव.

तुझी,
छोटी


१९ जानेवारी

चि. छोटी,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून ऊर भरून आला. वहिनीने ते शेजारीपाजारी वाचून दाखवलं, आजींच्या वाक्यासकट.

आता नीट ऐक. आजच्या आज अर्जावर सही कर. हा साधा आयुर्विमा नाही. हात गेला आणि ऑपरेशन करता येईनासं झालं, तर जन्मभर आधार देणारा विमा आहे. आणि तो हातात पडेपर्यंत कुणालाही दाखवायला जाऊ नकोस. एखाद्या डॉक्टरच्या कागदावर ‘बोटं बधिर’ एवढे दोन शब्द उमटले, तरी ते लोक उजवा हात वगळून बाकीच्या बाईचा विमा देतील. पॉलिसी यायला दोन महिने, त्यानंतर पहिले तीन महिने दावा करता येत नाही. दिवसभर मायक्रोस्कोपवर वाकून कोपरापाशी नस दबली असणार. पाच महिने कळ काढ.

वहिनीचं म्हणणं, आधी दाखवावं. मी तिला सांगितलं की तिने बाबांचं आजारपण पाहिलेलं नाही. तू सहा वर्षांची होतीस. बाबा अर्धांगाने अंथरुणाला खिळले, कसलाही विमा नव्हता, आणि आई स्टुलावर चढून त्यांच्या दवाखान्याची पाटी उतरवत होती. तू खाली बसून स्क्रू गोळा करत होतीस. तुला वाटत होतं, खेळ आहे. तशी पाटी मला पुन्हा उतरवायची नाही.

प्रकृतीला जप, आणि थोरल्याचं ऐकत जा.

तुझा दादा


२ एप्रिल

ती. दादा,
सा. न. वि. वि.

पॉलिसी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आली. सही करायच्या दिवशी एजंट समोर बसला होता. चौदावा प्रश्न होता, गेल्या वर्षभरात हाताची, मानेची काही तक्रार? मी ‘नाही’ लिहिलं. तो कौतुकाने म्हणाला की डॉक्टर मंडळी किती भराभर अर्ज भरतात.

दादा, बोटं सुधारत नाहीत. आता मधलं बोटही त्यात सामील झालंय. औषधाच्या बाटलीचं झाकण मी सिस्टरकडून उघडून घेते आणि हात ओले आहेत असं सांगते. मंगळवारी एका बसचालकाचं ऑपरेशन चालू होतं. चिमट्याचं टोक घसरलं. डोळ्याला काही झालं नाही, पण मी तिथेच थांबले आणि शेजारच्या टेबलावरच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पुढचं पूर्ण केलं. सगळ्यांना सांगितलं की चक्कर आली.

मी त्या माणसाची पट्टी काढायला गेले तेव्हा त्याने हात जोडले. मला तिथे उभं राहवेना. आता तरी दाखवू का? तू हो म्हणालास तर उद्याच जाईन.

तुझी,
छोटी


९ एप्रिल

चि. छोटी,
अनेक आशीर्वाद.

आता नऊच आठवडे उरलेत. एवढी मजल मारलीस, काठाशी आल्यावर नाव सोडू नकोस. ऑपरेशनं मात्र आजपासून बंद. घरचं कारण सांगून रजा काढ, दादा आजारी आहे म्हणून सांग हवं तर. वहिनी माझ्याशी बोलत नाही, तिचं मनावर घेऊ नकोस.

तुझ्या काळजीतच असलेला,
दादा


२३ जून

ती. दादा,
सा. न. वि. वि.

अक्षर माझं नाही. वॉर्डातल्या सिस्टर लिहून घेताहेत, त्यामुळे मोजकंच सांगते.

मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी दाखवलं. मानेच्या मणक्यात गाठ निघाली. साधी आहे, कर्करोग नाही. ती मज्जारज्जूला दाबत होती. शुक्रवारी काढली. पाय सुधारेल. उजव्या हाताच्या पंज्यात जोर येणार नाही. कप धरता येईल, पण ऑपरेशन नाही.

सर्जन माझ्या खाटेवर बसून म्हणाले की जानेवारीत आला असतात तर हात वाचला असता. मग त्यांनी विचारलं, जानेवारीत तुम्हाला काही जाणवलं नव्हतं का? सिस्टर म्हणताहेत की आता मी विश्रांती घ्यावी.

आईला अजून कळवू नकोस. आशीर्वाद असू दे.

छोटी


२७ जून

चि. छोटी,
अनेक आशीर्वाद.

आजच निघणार होतो, पण तिकीट पुढच्या आठवड्याचं मिळतंय, आणि वेळ थोडा आहे, म्हणून आधी हे लिहितो. विम्याच्या दाव्यात ‘लक्षणं केव्हापासून’ असा रकाना असतो. त्यात मुदत संपल्यानंतरचा, ‘जूनचा दुसरा आठवडा’ लिही. तुझ्या सर्जनांना मी ओळखतो, त्यांच्याशी बोलेन. हात गेला तो गेला, निदान ज्यासाठी तो घालवला ते तरी पदरात पडू दे. अजून काही सही केली नसशील तर मी येईपर्यंत करू नकोस.

दादा


१५ जुलै

ती. दादा,
सा. न. वि. वि.

तू येऊन गेलास, आपण तीन दिवस हवापाण्याचं बोललो. जे सांगायचं होतं ते तोंडाने जमलं नाही. डाव्या हाताने लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

दाव्याचा अर्ज मी तू यायच्या आधीच पाठवला होता. लक्षणं केव्हापासून? डिसेंबर. चौदाव्या प्रश्नाचं उत्तर खोटं होतं, हेही लिहिलं. काल त्यांचं पत्र आलं, पॉलिसी रद्द. मंडळालाही मी स्वतःच कळवलं, बसचालकाच्या ऑपरेशनसकट. चौकशी झाली, समज मिळाली. लायसन्स राहिलं, पण त्यावर शिक्का आहे: तपासणी करावी, शस्त्रक्रिया करू नये.

मला त्या तारखेच्या रकान्यात दुसऱ्यांदा खोटं लिहवेना. रागावू नकोस. आपल्या दोघांनाही काय माहीत होतं, दादा? नस दबली असेल असंच वाटलं ना आपल्याला. हे मी रोज स्वतःला सांगते, त्याने झोप लागते.

तुझी,
छोटी


२४ जुलै

चि. छोटी,
अनेक आशीर्वाद. ते द्यायचा अधिकार उरलाय का, माहीत नाही.

तुझी झोप मोडणार आहे. पण तू दोन ठिकाणी खरं लिहिलंस, मी एका ठिकाणी तरी लिहायला हवं.

तुझ्या पहिल्या पत्रात पायाचा उल्लेख होता. नुसती बोटं असती तर कोपर म्हणता आलं असतं. बोटांबरोबर पाय म्हटला की मान बघायची, हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवतो. ते वाक्य मी वाचलं, चष्मा काढून ठेवला, आणि उत्तरात पायाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. विसरलो नव्हतो, टाळलं. मनाची समजूत घातली की नसेल तसं काही, आणि असलंच तर अशा गाठी सावकाश वाढतात. डोळ्यांसमोर बाबा होते, आईचं ते स्टूल होतं. तू दिसतच नव्हतीस.

तुझ्या जागी माझ्या दवाखान्यात कुणी परकी बाई आली असती, तर तिला मी त्याच दुपारी तपासणीला पाठवलं असतं.

दादा


३ ऑगस्ट

ती. दादा,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं.

पायाबद्दल तू काही लिहिलं नाहीस, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. मी त्याचा अर्थ असा लावला की दादाला काही वाटलं नाही, म्हणजे काही नसेल. मीही डॉक्टर आहे, पण विचारताना बहीणच होते.

सोमवारपासून ओपीडीत बसते. डोळे तपासते, ऑपरेशन लागणाऱ्यांना शेजारच्या खोलीत पाठवते. आज एका बाईंनी विचारलं, ऑपरेशन तुम्हीच करणार ना? मी म्हटलं, ते करतील, त्यांचा हात फार चांगला आहे. बाई गेल्यावर दार लावून घेतलं. मग डोळे पुसून पुढचा नंबर बोलावला.

तुला माफ केलं, असं लिहायलाच बसले होते. डाव्या हाताने फार वेळ लागतो. तेवढ्या वेळात कळलं की ते अजून खरं नाही. मी तुझ्यावर आयुष्यात कधी रागावले नाही. बाबांनंतर तूच होतास, तुझ्यावर रागावून जायचं कुठे? आता मला रागावू दे. किती दिवस लागतील, सांगता येत नाही. तोवर तू लिहू नकोस, येऊही नकोस.

वहिनीला मात्र लिहायला सांग. तू जेवतोस ना, तुला झोप लागते ना, एवढं तिने दर आठवड्याला कळवावं. ते कळल्याशिवाय मला धड रागावताही येणार नाही.

तुझीच,
छोटी