चौदा शिंका आणि एक एअर फिल्टर

३ मार्च, रविवार. संध्याकाळी ५
सासूबाईंकडे जाऊन आलो. जाताना पाऊण तासात बायकोला चौदा शिंका. सिग्नलला दुसरं काम नव्हतं म्हणून मोजल्या. येताना बारा. सुधारणा आहे, असं म्हटलं तर तिने खिडकीबाहेर पाहिलं.
दोष गाडीचा, असं तिचं म्हणणं. गाडी अकरा वर्षांची, म्हणजे आत अकरा वर्षांची धूळ. मग नाकाचं वय का काढायचं नाही? हा प्रश्न मनातच विचारला.

संध्याकाळी ७.३०
निकाल लागला. साडू गाडी घ्यायला तयार आहेत म्हणे. त्यांना जुन्या गाड्यांचा नाद. बायकोने फोनवर परस्पर ठरवलं. सतरा तारखेला पुन्हा सासूबाईंकडे जायचं आहे. त्या दिवशी ती शिंकली तर गाडी साडूंची. एकसुद्धा चालणार नाही का, असं विचारलं. बरीच घासाघीस होऊन तीनवर तडजोड झाली. चौथी शिंक आली की किल्ली द्यायची.
गाडी देणार नाही. या घरात रिमोट कन्येकडे, पंख्याचा वेग बायकोकडे. स्टिअरिंग तेवढं माझ्या हातात आहे.

४ मार्च, सोमवार
ऑफिसात हेडक्लार्कांपुढे विषय काढला. एअर फिल्टर बदला, म्हणाले. हे मला माहीत होतंच, फक्त सुचलं नव्हतं. बोलता बोलता तेही दोनदा शिंकले आणि खुर्ची मागे घेतली. शहराची हवाच बिघडली आहे.
संकल्प: फिल्टर स्वतः बदलणार. मेकॅनिक हे विचार न करणाऱ्यांसाठी असतात.
जुना संकल्प (नीटनेटकं राहणे) मात्र उत्तम चालू आहे. ऑफरमध्ये घेतलेला मिडनाइट टायगर बॉडी स्प्रे, बारा बाटल्यांचा बॉक्स. एक बाटली गाडीच्या दारातच ठेवली आहे. सीटवर बसलो की कॉलरवर दोन, छातीवर तीन, काखेत मोकळ्या हाताने.

६ मार्च, बुधवार
स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. एअर फिल्टर मागितला. कुठला, असं त्याने विचारलं. इंजिनाचा की केबिनचा? एअरचा, म्हटलं. त्याने पुन्हा तेच विचारलं. मागे चार माणसं उभी होती. त्यांच्यासमोर अज्ञान दाखवणं माझ्या स्वभावात नाही. मोठा असेल तो द्या, म्हटलं.
देताना शिंकला. वर, साहेब, जरा लांबून बोला, म्हणाला. गिऱ्हाईक हा देव असतो, हे आता कोणी मानत नाही.

९ मार्च, शनिवार. सकाळी ११
बॉनेट उघडलं. आधी वीस मिनिटांचा व्हिडिओ पाहिला होता. त्यातली गाडी वेगळी होती, पण फिल्टर तो फिल्टर. काळ्या डब्याच्या चार क्लिपा काढल्या, तीन लागल्या. चौथी कंपनीने जादा दिलेली दिसते. खिशात ठेवली.
जुना फिल्टर बायकोला दाखवला. ही बघ तुझ्या शिंकांची खाण, म्हटलं. ती गाडीसोबत आलेली पुस्तिका वाचत बसली होती. म्हणाली, अहो, हे इंजिनाचं नाक. आपण आत बसतो तिथला फिल्टर वेगळा, समोरच्या कप्प्याच्या मागे असतो, पान बेचाळीस.
मी पुस्तिका वाचत नाही. अनुभवातून शिकतो.

दुपारी १
बाजारापर्यंत ट्रायल. अकरा शिंका. गाडीचा आवाज मात्र वाघासारखा येतो आहे. (चौथ्या क्लिपेमुळे, असं बायको म्हणते.)

१० मार्च, रविवार
केबिन फिल्टर ऑनलाइन मागवला. साधा नाही, कार्बनवाला. बायकोच्या सांगण्यावरून नाही. मी त्या निष्कर्षावर स्वतंत्रपणे पोहोचलो होतो.

१३ मार्च, बुधवार
आला. दोन बोटं मोठा निघाला. मॉडेलचं वर्ष टाकताना अंदाजाने टाकलं होतं. स्वयंपाकघरातल्या कात्रीने माप जुळवलं. कात्री आता फिल्टरच कापू शकेल.
कप्पा काढताना एक पट्टी तुटली. ती दमलेलीच होती.
एसी लावला तर हवाच येत नाही. म्हणजे धूळही येणार नाही. यालाच मुळावर घाव म्हणतात.
बायको: नऊ शिंका आणि घाम. कन्येने मागच्या खिडकीतून मान बाहेर काढली होती. बाबा, मला वाटतं तुझा तो स्प्रे, असं काहीतरी बोलत होती, पण तेवढ्यात बातम्या लागल्या म्हणून रेडिओ मोठा केला. तरुण पिढीला वाक्य पूर्ण करायची सवय नाही.

१६ मार्च, शनिवार
मेकॅनिककडे गेलो नाही. त्याच्या गॅरेजवरून जात होतो आणि त्याने पाहिलं. एवढंच.
त्याने कप्पा उघडला आणि हाताखालच्या दोघांना बोलावून दाखवलं. फिल्टरवरचं प्लॅस्टिक तसंच होतं. हे काढायचं असतं, म्हणाला. नवी वस्तू जपून वापरावी, असं मी म्हटलं. तिघंही बराच वेळ बॉनेटआड होते.
योग्य मापाचा फिल्टर पाच मिनिटांत बसवला. चौथी क्लिपही लावली. मग डिकीतला जुना केबिन फिल्टर उचलून हुंगला. म्हणाला, साहेब, तीस वर्षं या धंद्यात आहे. धुळीने काळा झालेला फिल्टर पाहिला, उंदराने खाल्लेला पाहिला, पण नवरदेवासारखा घमघमणारा पहिल्यांदाच. मग तीनदा शिंकला.
गॅरेजात धूळ फार.

१७ मार्च, रविवार. सकाळी ८
आज फैसला. गाडी धुतली. प्रसंग मोठा, म्हणून स्वतःवर नेहमीच्या दुप्पट मारा. माणूस टापटीप दिसला की गाडीही टापटीप वाटते.

दुपारी १२
एकवीस. पंधरानंतर बायको बोलायचीच बंद झाली. नव्या फिल्टरला रुळायला वेळ लागत असावा.
साडू फाटकातच उभे होते. आम्ही उतरण्याआधीच त्यांनी टायरला लाथ मारून पाहिली. माझ्या टायरला.

दुपारी ४
साडूंनी ट्रायल घेतली. आधी चारही दारं उघडून दहा मिनिटं ठेवली (नाटकी माणूस), मग शेजारी बायको, मागे कन्या. मी व्हरांड्यात सासूबाईंजवळ बसलो. त्यांनी खुर्ची उचलून दुसऱ्या टोकाला नेली. ऊन लागत असेल.
चाळीस मिनिटांनी आले. शिंका शून्य.
मी म्हटलं, बघा, रुळला फिल्टर. बायकोने मला साडूंच्या नव्याकोऱ्या गाडीत पुढे बसायला सांगितलं. सीटवरचं कव्हरसुद्धा अजून काढलेलं नाही. ती मागे बसली. फाटक ओलांडायच्या आत तिला सात, साडूंना दोन.
म्हणजे नव्या गाडीतही धूळ असते. साडूंना तसं सांगितलं. त्यांनी काच खाली केली.
अखेर बायकोने जाहीर केलं: गाडी झकास आहे, विकायचा प्रश्नच नाही. साडूंचं तोंड एवढंसं झालं. जिंकलो.
काखेत कळसा नि गावाला वळसा, असंही ती म्हणाली. संदर्भ लागला नाही. कन्या खूप हसली.

१८ मार्च, सोमवार
गाडी राहिली. व्यवस्था थोडी बदलली आहे. किल्ली बायकोकडे. ती कन्येला कॉलेजला सोडून ऑफिसला जाणार. मी बसने. बॉक्स घराबाहेर जाईपर्यंत असंच, म्हणाली. नऊ बाटल्या शिल्लक आहेत. तत्त्वाचा प्रश्न आहे, झुकणार नाही.

२० मार्च, बुधवार
बसमध्ये गर्दी, पण माझ्या शेजारची जागा रिकामी. लोकांमध्ये ज्येष्ठांबद्दल आदर उरला आहे. कंडक्टरने हात लांब करून तिकीट दिलं आणि शिंकला. बसचे फिल्टर बदलायला हवेत. अर्जाचा मसुदा केला.

२५ मार्च, सोमवार
स्टॉपवर उभा होतो. आपली गाडी सिग्नलला थांबली. काचा बंद, एसी चालू, बायको गाणं म्हणत होती. मी हात केला. तिनेही केला. सिग्नल सुटला.

२६ मार्च, मंगळवार
बॉक्स वॉचमनला दिला. झुकलो नाही. साबणाचा वास मला पहिल्यापासूनच आवडतो.

३१ मार्च, रविवार
सासूबाईंकडे जायचं होतं. मला प्रवेश मिळाला. बायकोने मान पुढे करून हुंगलं, मग दार उघडलं. स्टिअरिंगवर तीच. मी शेजारी, पट्टा लावून. गाडी छान चालत होती.
आरशाला एक जाळीची पिशवी लटकत होती. वाळलेली जांभळी फुलं. किती दिवसांची हौस होती, आता स्वतःच्या गाडीत लावली, म्हणाली.
कोपऱ्यावर पहिली शिंक आली. मला. पुलाखाली दुसरी. फिल्टर बघायला हवा, असं मी म्हटलं. फिल्टर नवा आहे अहो, म्हणाली, नाक तुमचं आहे. तिसरी दाबायचा प्रयत्न केला. ती जास्तच जोरात आली. कन्या मागून मोठ्याने मोजत होती.
चौथीला बायकोने इंडिकेटर दिला आणि गाडी अगदी बसस्टॉपसमोर उभी केली. तडजोड तीनचीच होती, म्हणाली.