झाडावर कुणाला चढवू नये

ता. ९ जून

चि. भाचीबाईस,
अ. उ. आ.

फोनवर तू हसून विषय बदलतेस, म्हणून लिहायला बसले. येत्या सोमवारपासून माझ्या परसात भरणारी तुझी उघड्यावरची बालवाडी मी बंद ठेवणार आहे. ऊन पडलं की पुन्हा सुरू करू.

डॉक्टरांनी तुला बाळंत होईपर्यंत झोपून राहायला सांगितलं आणि तू पोरं माझ्या गळ्यात घातलीस. जन्मभर शाळा चालवली, तेव्हा म्हटलं त्यात काय एवढं! पण माझ्या शाळेला छप्पर होतं. काल पाऊस लागला म्हणून सगळ्यांना घरात घेऊन सतरंजीवर बसवलं, तर घटकाभरात त्यांनी माझ्या सोफ्याची होडी केली. बाहेर सोडलं तर चिखलात लोळली. तो टोपीवाला, झोपेतही टोपी न काढणारा, सारखा शिंकतोय. उद्या त्याला ताप आला तर त्याच्या आईला मी काय तोंड दाखवू? मदतनीस बाई नुसत्या हसतात. तुझ्याच तालमीतल्या!

औषधं वेळेवर घे. रागावले तरी लोभ आहे तेवढाच आहे.

तुझी आत्या

ता. १३ जून

ती. आत्यास,
शि. सा. न.

सोफ्याची होडी वाचून खूप हसले आणि पुढचं वाचून रडू आलं. आत्या, बंद नको गं करूस. फाटकाला कुलूप दिसलं की आईबाप मुलांना दुसरीकडे घालतील. ही बालवाडी एकदा मोडली तर पुन्हा उभी करायला मला हात कुठून आणू? त्या हातांत बाळ असेल.

टोपीवाला बाराही महिने शिंकतो. कोरडे कपडे प्रत्येकाच्या पिशवीत आहेत. विजा किंवा वादळ असेल तर आत घे. नुसत्या पावसाला भिऊ नकोस. एकच गोष्ट सांभाळ. कुणाला उचलून झाडावर चढवू नकोस, कितीही रडलं तरी. आपल्या पायांनी चढलेल्या मुलाला उतरताना पाय कुठे टाकायचा ते कळतं.

आणि चपला घालून चिखलात जाऊ नकोस. माझे गमबूट तुझ्या दाराशीच आहेत, ते घाल. माया असू दे, ओरडलीस तरी चालेल.

तुझी भाची

ता. २२ जून

चि. भाचीबाईस,
अ. उ. आ.

बालवाडी चालू आहे, हे आधी वाच आणि मग नीट टेकून पुढचं वाच.

काल बाकीची झाडावर आणि टोपीवाला खाली भोकाड पसरून उभा. वरून भुरभुर पाऊस. तुझी सूचना आठवत होती, तरी मला बघवेना. उचलला आणि खालच्या फांदीवर बसवला. माझी पाठ वळते न वळते तोच पठ्ठ्या आणखी वर सरकला आणि खोडाला मिठी मारून किंचाळायला लागला. ना माझा हात पोचत होता, ना बाईंचा. बाई शिडी आणायला धावल्या. मी मात्र त्याला धीर देण्याऐवजी हुकूम सोडत होते.

तेवढ्यात आपल्या चार वर्षांच्या फौजदारबाई कमरेवर हात ठेवून आल्या. म्हणाल्या, आजींनी चढवलं म्हणून त्याला पाय सापडत नाहीत, आणि आजींनी आता गप्प बसावं. मला! मी बसले. तिने त्याला पोट झाडाला चिकटवायला सांगितलं, मग एक पाय गाठीवर, मग दुसरा खोबणीत. शिडी आली तेव्हा तो खाली उभा राहून टोपीने नाक पुसत होता.

संध्याकाळी मी त्याच्या आईला सगळं सांगितलं. आता ती त्याचं नाव बालवाडीतून काढणार, असं धरूनच चालले होते. तिने एवढंच विचारलं, की तो स्वतः उतरला का. आज त्याच्या पिशवीत एक विजार जास्त आहे.

मला हसून घे, पण फार हसू नकोस, डॉक्टर रागावतील. लोभ असावा.

तुझी आत्या

ता. २ सप्टेंबर

चि. भाचीबाईस,
बाळासह अ. उ. आ.

उद्या तू परत येतेस तेव्हा मी दातांच्या डॉक्टरकडे असेन. म्हणून बाईंच्या ताब्यात काय काय दिलं ते लिहून ठेवते.

फाटकाची किल्ली. दोरी आणि घमेली. खुरपी, त्यातलं एक मोडलं, ते माझ्या हातून. कपड्यांच्या पिशव्या, धुऊन वाळवून. मुलं सगळी, एकही गेलं नाही, टोपीवाल्याची धाकटी बहीण तेवढी वाढली.

गमबूट दिलेले नाहीत. सोमवारी मला लागतील.

तुझी आत्या