खालून आलेलं पाणी

आये, तुझी विहीर परत वर आली आहे आणि तुझा मुलगा ती दुसऱ्यांदा बुजवायला निघाला होता. सगळं पहिल्यापासून सांगते.

आपलं अंधेरीचं गावठाण आता तुला ओळखू येणार नाही. आपल्या घराच्या जागी सात मजले उभे आहेत. दादा सोसायटीचा सेक्रेटरी आहे, मी दुसऱ्या मजल्यावर राहते. पावसाचं पाणी जमिनीत मुरवलं तर पालिका मालमत्ता करात सूट देते, हे कळल्यापासून दादाला पाण्याचा असा काही पुळका आलाय की विचारू नकोस. सभेत उभा राहून मला पाणी वाचवायला शिकवतो! ज्याने बिल्डरला जागेबरोबर विहीरही देऊन टाकली, तो शिकवतो!

तो दिवस मला लख्ख आठवतो. तू स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होतीस. बाहेर राडारोड्याचा ट्रक लागल्याचा आवाज येतो आणि तू तशीच, माशाच्या हातांनी धावत जाऊन विहिरीच्या काठावर उभी राहतेस. "माज्या सासूनं, मी, माज्या पोरीनं उंबराचा पानी हितूनच नेलाय. आदी मना बुजवा!" माझ्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या आंघोळीचं ते पाणी न्यायला आपण बँड लावून इथेच आलो होतो. तू आधी विहिरीला विडा दिलास आणि मगच कळशी आत सोडू दिलीस. दादाला त्याचं काय! तो तुला दंडाला धरून घरात आणतो. "विहीर म्हणजे मच्छर, आये. नळाला पाणी आलंय, आता कोण शेंदत बसणार?" तू एवढंच म्हणालीस, "झरा मरत नाय, बाबा." पुढचा नाताळ तू पाहिला नाहीस.

यंदा दिवाळीनंतर दादाने पाणी मुरवायचा खड्डा खणायला घेतला, तोही नेमका पार्किंगच्या त्याच कोपऱ्यात, कारण तिथे गाडी नीट लागत नाही. आधी आपल्याच घराच्या विटा निघाल्या. मग खालून पाणी येऊ लागलं. पाऊस जाऊन किती दिवस झाले होते, तरी येतच राहिलं, चांगलं नितळ. सोसायटीने नेमलेला सल्लागार वाकून बघतो आणि म्हणतो, "हा खड्डा चालणार नाही. खड्ड्याने पाणी पोटात घ्यायला हवं, हा तर वर देतोय." करातली सूट हवी असेल तर हा बुजवा आणि गेटजवळ दुसरा खणा, असं त्याचं म्हणणं. पाणी वाचवायचं म्हणून पाणी गाडायचं! मी दादाला म्हटलं, "अरे, ती विहीर आहे. तू बुजवलेली." तो मान वर न करता म्हणाला, "बाय, कागदावर तिथे विहीर नाहीच. उगाच मॅटर करू नको यार."

काल काँक्रीटची गाडी आली. माझ्या लेकीचं लग्न नाताळानंतर आहे आणि तिच्या उंबराच्या पाण्यासाठी दादाने प्लॅस्टिकचा ड्रम सांगून ठेवलाय, नळाने भरलेला. बँड वाजवत ड्रमकडे जायचं! माझं डोकंच फिरलं. लाटणं हातात तसंच घेऊन मी खाली गेले आणि काठावर उभी राहिले. तांब्या दोरीला बांधून आत सोडला, वर ओढला आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायले. "तीच चव आहे, दादा! आयेच्या हातच्या कळशीतली. घे, पिऊन बघ आणि मग ओत तुझं काँक्रीट!" त्याने तांब्या घेतला. एक घोट घेतला, मग दुसरा. मग डोळे पुसले आणि ड्रायव्हरला म्हणाला, "गाडी परत घे रे."

लेकीचं पाणी तिथूनच निघेल, आये. विडा मी देईन.

हा कागद तुझ्या कबरीवर ठेवायचा विचार होता, पण रविवारी तिथे दादा फुलं घेऊन येतो आणि त्याच्या हाती हा पडता कामा नये. कारण तांब्या तोंडाला लावला तेव्हा मी चव शोधत होते, आये. तुझ्या पाण्याची चव मला आठवत नाही.