नागपूरसाठी मायग्रेशन कशाला?

१९ ऑगस्ट १९८६, मंगळवार

रोजनिशीची माफी मागतो. वही जानेवारीत आणली, पहिली ओळ ऑगस्टात लिहितो आहे. आधी पेन गळत होता, मग ऊन फार होतं, मग नलिनीच्या जाण्याची तयारी. आता घरात मी एकटाच, त्यामुळे सबब उरली नाही.

नलिनी माझी मुलगी. बी.ए. छिंदवाड्याहून झाली, आता नागपूरला एम.ए. आमच्या खानदानात पहिली. काल तिचं पत्र आलं. चार पानं, निम्मे शब्द कॉलेजचे. एवढं कळलं की अ‍ॅडमिशन अजून प्रोव्हिजनल आहे. मी तिची मूळ मार्कशीट घेऊन छिंदवाड्याच्या कॉलेजात जायचं, मायग्रेशन सर्टिफिकेटचं काम करायचं. ते तीस सप्टेंबरच्या आत नागपूरला पोचलं नाही तर नाव कटेल.

चाळीस दिवस आहेत. पण न समजता कागदाला हात लावणार नाही. पांढुर्ण्याच्या जकात नाक्यावर एकतीस वर्षं मोहर्रीर, म्हणजे कारकून होतो, बिनकागदाची गाडी सोडली नाही. संकल्प: रोज पाच शब्द पाठ.

२० ऑगस्ट

प्रॉस्पेक्टस: कॉलेजची माहितीची वही. विकत मिळते.
सिलॅबस: काय शिकवणार त्याची यादी.
लेक्चरर, रीडर, प्रोफेसर: चढत्या क्रमाने. तिघंही शिकवतात, मग तीन नावं कशाला ते कळलं नाही.

पाच झाले. मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं आहे.

२१ ऑगस्ट

शब्द नाही. दाढ दुखली.

२२ ऑगस्ट

दाढ बरी. पण कालचे पाच राहिले, आजचे धरून दहा होतात. उद्यापासून नव्याने.

२४ ऑगस्ट, रविवार

मनोहर आला होता. हायस्कुलात क्लार्क आहे, बी.कॉम. त्याच्याकडून एका बैठकीत आठ शब्द घेतले. प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरतं, कागद येईपर्यंत. डीन म्हणजे विभागाचा मोठा. व्हायव्हा म्हणजे तोंडी परीक्षा.

मायग्रेशनचं त्याने सांगितलं ते असं. मुलगी सागरच्या विद्यापीठातून नागपूरच्या विद्यापीठात चालली. सागरवाले लिहून देतात की आता ही आमची नाही, घेऊन जा. एकदा लिहून दिलं की इकडचं नाव खलास.

मी विचारलं, खलास म्हणजे? परत येता येत नाही?

मनोहर हसला. म्हणाला, काकाजी, परत काऊन येईल? शिकाले गेली न ते.

त्याला चहा करून दिला. साखर टाकायची राहिली. त्याने तसाच प्यायला.

२७ ऑगस्ट

छिंदवाड्याला निघालो. सकाळची बस, मार्कशीट पिशवीत. सौंसरला बस दहा मिनिटं थांबली. खाली उतरलो तर बापूजी भेटला, नाक्यावरचा जुना सोबती. त्याने चहाला ओढलं. बस गेली. दुसरी बस दुपारी होती, पण दुपारी ऑफिसं बंद असतात असं मला वाटतं. बापूजी म्हणे, बंद नसतात गा. तो शिकलेला कमी आहे.

घरी परत. फेरी वाया गेली असं नाही, रस्ता पाहून झाला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज गोटमार, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची दगडफेकीची जत्रा. सगळं गाव नदीवर, इकडून पांढुर्ण्याचे, तिकडून सावरगावचे, एकमेकांवर दगड मारायला. मी घरी. नलिनी असती तर दार लावून घेऊन म्हणाली असती, बाबा, बाहेर पाय ठेवाल तर पाहा.

शांतपणे विचार केला आणि उलगडा झाला. मायग्रेशन परक्या मुलखात जाणाऱ्यासाठी असतं. नागपूर परकं कुठे आहे? मी शाळेत होतो तेव्हा हा सगळा एकच प्रांत, राजधानी नागपूर. आमचे सोयरे तिकडे, बाजार तिकडे, दवाखाना तिकडे, दसऱ्याला आम्ही जातो ते नागपूरलाच. छप्पन साली कोणी नकाशावर रेघ ओढून आम्हाला मध्य प्रदेशात ठेवलं म्हणून माझी पोरगी परकी होत नाही.

म्हणजे सर्टिफिकेटची गरजच नाही. छातीवरचा दगड उतरला.

९ सप्टेंबर

नागपूरच्या विद्यापीठाच्या रजिस्ट्रारसाहेबांना सहा पानी पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं. वरची सगळी हकिकत कलमवार. पुरावा म्हणून माझा सातवीचा दाखला जोडला, त्यावर मध्यप्रांत व वऱ्हाडचा शिक्का आहे. मूळच जोडला. साहेबाला नक्कल पाठवणं बरं दिसत नाही. तो दाखला मी शाळेच्या व्हरांड्यात बसून मिळवला होता. आत बसू देत नव्हते.

पत्रात प्रोव्हिजनल, एलिजिबिलिटी आणि डीन हे शब्द वापरले.

१६ सप्टेंबर

नलिनीचं पत्र. एक पान. कागद निघाला का? बाबा, उत्तर द्या. बाकी काही नाही. जेवलात का, हेही नाही.

कामात असेल. मी उत्तर लिहिलं: काळजी करू नको, वरच्या पातळीवर बोलणं चालू आहे.

२२ सप्टेंबर

शेजारच्या वच्छलाबाईंना नलिनीने वेगळं पत्र टाकलं. त्या तरातरा आल्या. म्हणाल्या, भाऊ, पोरगी तिकडं रडून राहिली अन् तुम्ही इथं शब्द पाठ करून राहिले? मी शांतपणे सांगितलं की प्रकरण रजिस्ट्रारकडे आहे. त्या म्हणाल्या, रजिस्टार गेला खड्ड्यात, बसमध्ये बसा. मग जरा थांबून म्हणाल्या, तुमाले पोरगी जाऊच द्याची नाही, असं तर नाही न?

काहीतरीच बोलतात. होस्टेलसाठी गादी मीच स्टेशनावर डोक्यावर नेली होती. भाजी त्यांनी दिली होती ती खाल्ली नाही. मग खाल्ली.

२९ सप्टेंबर

रजिस्ट्रारचं उत्तर नाही. उद्या जाणारच. बापूजी भेटला तरी उतरणार नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

गेलो. उतरलो नाही. छिंदवाड्याच्या कॉलेजात खिडकीवर फक्त एक माणूस पुढे होता. क्लार्कने नाव विचारलं, फाईल काढली. फॉर्म जूनमध्येच भरलेला. फी भरलेली. नलिनीची सही. फक्त मूळ मार्कशीट दाखवायची राहिली होती. त्याने पाहिली, शिक्का मारला, परत दिली. दहा मिनिटंही लागली नाहीत.

म्हणाला, दादाजी, ऑगस्टातच आले असते तर आतापर्यंत सर्टिफिकेट सागरहून हातात असतं. आता पंधरा दिवस धरा.

मी म्हटलं, आज शेवटची तारीख आहे.

तो म्हणाला, माहीत आहे.

१४ ऑक्टोबर

दसऱ्याला नागपूरला जाऊन आलो, दीक्षाभूमीवर. दरवर्षी सोबत नलिनीची आई असायची, मग ती वारल्यावर नलिनी. गर्दीत एकटाच वंदना करून आलो. मग होस्टेल शोधलं. चौकीदार म्हणाला, नलिनीताई तर चार तारखेलेच गेल्या. कुठे ते माहीत नाही. गादी ठेवून गेल्या, नेता का?

नेली.

स्टेशनावर गादीवर बसलो. गाडी दोन तास लेट होती.

१७ ऑक्टोबर

वच्छलाबाईंनी सांगितलं. नलिनी नागपुरातच एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. लहान पोरांच्या शाळेत शिकवते. पुढच्या साली पुन्हा अ‍ॅडमिशन घेईन म्हणते. पत्ता बाईंकडे आहे. मी मागितला नाही. त्यांनीच कागदावर लिहून उंबऱ्यावर ठेवला आणि गेल्या.

२१ ऑक्टोबर

सर्टिफिकेट आलं. पिवळसर कागद, इंग्रजीत. चष्मा लावून सगळं वाचलं. नाव बरोबर आहे. शब्द सगळे समजले.

२२ ऑक्टोबर

तिच्या पत्त्यावर रजिस्टरने पाठवलं. पुढच्या साली लागेल. सोबत चिठ्ठी लिहायला बसलो, चार कागद फाडले, मग नुसतंच पाठवलं. जे लिहायचं होतं ते इथे लिहितो, कारण ही वही कोणी वाचत नाही. नलू, चूक रजिस्ट्रारची नव्हती. सौंसरला बस मला उतरवून गेली नाही, मीच उतरलो होतो.

३० ऑक्टोबर

आठ दिवस झाले. पोस्टमन रोज समोरून जातो. वच्छलाबाईंकडे आज नलिनीचं पुन्हा पत्र आलं. दारात उभ्या राहून त्या मोठ्याने वाचत होत्या, मला ऐकू यावं म्हणून. मी आतच बसलो होतो. ऐकलं सगळं. माझं नाव आलं नाही.

नलू, कागद पोचला का ते कळव. काही लिहायचं नसेल तर कोरं कार्ड टाक. फक्त त्यावर पत्ता माझ्या नावाचा लिही, बाईंच्या नको. पण लवकर टाक.