कृष्णकमळातले कमी कौरव

बाई, तुम्ही दिलेल्या फांदीचा वेल आता माझ्या शाळेच्या फाटकावर चढलाय. आज सकाळी चौथीतल्या एका पोरीनं त्याचं फूल माझ्यापुढे धरलं. "मॅडम, हे कौरव शंभर नाईत, जास्त हायेत!" मला इतकं हसू आलं, की पोरं बघतच राहिली.

तुमच्या वर्गात मीही चौथीतच होते. सानगडीच्या शाळेत तुम्ही आम्हाला वेलाखाली उभं करून कृष्णकमळ हे नाव कसं पडलं ते सांगताय. कडेचे जांभळे तंतू म्हणजे शंभर कौरव, वरचे पाच पांडव, मधोमध कृष्ण. घरी मायला सांगितलं, तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आमी त राखीफूल म्हनो. हातावर बांधाचो." मग खरं नाव कोणतं? मला काही चैन पडेना. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वेलावरचं एकुलतं एक फूल तोडलं, तंतू उपटून पाटीवर घेतले, मोजले आणि भर वर्गात ओरडले, "बाई, कौरव कमी हायेत!"

"काहून तोडलंस वं? एकच फूल होतं ना!" तुमचा चेहरा लालभडक. मला वाटलं, मेले! आता बाई आपल्याशी बोलायच्या नाहीत, आणि बाई बोलणार नसतील तर शाळेत यायचं तरी कायले? डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. रडत रडत मायचं राखीफूलही सांगून टाकलं. तुम्ही खुर्ची सोडून माझ्याशेजारी फरशीवर बसलात, पदर खोचलात आणि स्वतः मोजलंत. मग काय हसलात, बाप्पा! "इतकी वर्षं सांगून राहिली मी, एकदाही मोजलं नाही पाहा! ज्याला जे दिसलं, त्यानं ते नाव ठेवलं. तुझ्या मायचंही खरंच आहे. शाब्बास!" त्याच दिवशी मी ठरवलं, आपणही बाईच व्हायचं.

आज त्या पोरीसोबत मीही फरशीवर बसले. शंभराच्या वर गेल्यावर वर्गानं जो गलका केला! तुम्ही असायला हव्या होतात.

पोरांना दरवर्षी तुमची ही गोष्ट सांगते, खरं बोलायला भिऊ नका म्हणून. एवढंच सांगत नाही, की मोजायच्या आधी मी पायरीवर अडखळले होते आणि पाटीवरचे चिमूटभर कौरव खाली सांडले होते. तुम्ही शाब्बास म्हणालात तेव्हाच ते मला आठवलं. पण तुम्ही इतक्या खूश होतात, बाई, मी तोंड मिटून घेतलं.