रविवारचं लाटणं

७ जानेवारी, रविवार

जमला! सकाळपासून पाचव्या खेपेला पिझ्झा जमला. आधीचे चार म्हणजे एक वीट, एक पत्रा आणि दोन चिखल.

अठरा वर्षं बेकरीत मैदा मळतोय, पण बिनगव्हाचं पीठ मला धूप घालत नाही. दोन वाट्या तांदळाचं पीठ, एक वाटी कॉर्नफ्लोअर, चमचाभर इसबगोल, यीस्ट, कोमट पाणी, तेल. मळायचं नाहीच, नुसतं कालवून तासभर झाकून ठेवायचं. सोपं आहे, पण मळायची सवय लागलेल्या हाताला सोपं पटत नाही. शेवटी वरून तांदळाचं पीठ भुरभुरवून माझ्या लाटण्याने हलकं लाटलं, तेव्हा कुठे आकार धरला. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या उस्तादांचं लाटणं. ते गेल्यावर माझ्याकडे आलं, रोज पिशवीतून माझ्याबरोबर कामावर जातं-येतं. साबण लावून गरम पाण्याने दोनदा घासलं होतं.

लेकीने, शेंगेने, तीन तुकडे खाल्ले. वय अकरा, वजन सव्वीस किलो, म्हणून ती शेंग. सप्टेंबरात आजार कळला – गव्हाचा कण जरी पोटात गेला तरी आतडं खराब होतं. गहू जन्मभर बंद. आणि बाप बेकरीत! तेव्हापासून मी घरी काही भाजलंच नव्हतं. आमची ही म्हणाली, "आज किती महिन्यांनी शीळ घातलीत." मला पत्ताच नव्हता.

९ जानेवारी, मंगळवार

कालपासून शेंगेचं पोट दुखतंय. शाळा बुडाली. हिचं म्हणणं, बाहेर काहीतरी खाल्लं असणार. घरात गव्हाचा कण नाही. हिने डबे बदलले, स्वयंपाकघरातलं लाकडी ते सगळं टाकून दिलं, मला तर कामावरून आल्यावर दारातूनच आंघोळीला पिटाळते. मग माशी शिंकते कुठे?

१४ जानेवारी, रविवार

पिझ्झा. दोन केले. धाकटा म्हणतो, "ताईच्या आजाराचे फायदे आहेत." हिने धपाटा घातला, पण हसली.

१६ जानेवारी, मंगळवार

पुन्हा पोट. पहाटे निघालो तेव्हा शेंग संडासात होती. बाहेरून विचारलं, तर "जा तू बाबा, मी बरी आहे." कसली बरी. आवाज पार खोल गेलेला.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

रक्ताचा रिपोर्ट. आकडा उतरायचा, तो चढलाय. डॉक्टरीणबाई कागद बाजूला ठेवून म्हणाल्या, "गहू जातोय. कुठून ते तुम्ही शोधा." मे महिन्यापर्यंत उतरला नाही तर भरती करून पुन्हा घशातून नळी. मागच्या वेळी दोन माणसांनी धरली होती तिला. उंची वर्षभर तिथेच आहे.

 येताना रस्ताभर मी मनातल्या मनात सगळ्यांवर खार खात होतो.

३ फेब्रुवारी, शनिवार

आज शेंगेला समोर बसवलं. काय खाल्लंस, कुठे खाल्लंस? "काही नाही." पुन्हा विचारलं. "काही नाही, बाबा." मग मी म्हणालो, "ठीक आहे. मग घरातलंच काहीतरी असणार. एकेक बंद करून बघू. पहिला पिझ्झा."

 ती नखं कुरतडत बसली. मग म्हणाली, "मैत्रिणीच्या डब्यातली बिस्किटं खाल्ली. दोन-तीनदा."

माझं डोकं फिरलं. हात उगारला. मारलं नाही, पण उगारला हे खरं. ही मध्ये पडली. सोमवारी शाळेत जाऊन बाईंना सांगणार – मधल्या सुट्टीत शेंगेला वेगळं बसवा.

४ फेब्रुवारी, रविवार

पिझ्झा केला. शिक्षा कसली द्यायची पोरीला? म्हटलं, "हा खा पोटभर, हा तुझाच आहे." मान खाली घालून चारही तुकडे संपवले. मी समजलो, मनातून लाजलीय.

६ फेब्रुवारी, मंगळवार

पोट. आता तर वेगळी बसते! बाई म्हणाल्या, काल भिंतीकडच्या बाकावर एकटीच होती, मैत्रीण बोलत नाही तिच्याशी – आपल्यावर आळ आला म्हणून. मग गहू येतो कुठून?

१३ फेब्रुवारी, मंगळवार

कालपासून पुन्हा. धीर सुटला आणि ही वही मागे चाळत बसलो.

रविवार पिझ्झा, मंगळवार पोट. रविवार पिझ्झा, मंगळवार पोट. माझ्याच अक्षरात.

पीठ तपासलं, बंद पाकिटातलं. यीस्टही तसंच. मग लाटणं हातात घेतलं. मुठीपाशी केसाएवढी चीर आहे. सुरीचं टोक घातलं. भिंतीच्या पोपड्यासारखं पांढरं निघालं. पुढच्या चिरेतूनही. माझा इतक्या वर्षांचा मैदा, त्याआधीचा उस्तादांचा. साबण कुठे पोचणार तिथे?

हिने लाकडी सगळं टाकलं, पण हे तर माझ्या पिशवीत असायचं. दर रविवारी मीच आणलं घरात. मीच वाढलं. आणि हात उगारला तोही मीच.

हिला सांगितलं.  ही म्हणाली, "तिला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

१४ फेब्रुवारी, बुधवार

लाटणं बेकरीत ठेवून आलो, कायमचं. शेंगेला सांगितलं, "लाटण्यात मैदा होता. चुकलं माझं." ती एवढंच म्हणाली, "असू दे, बाबा." मी म्हटलं, "बिस्किटं खाल्लीस तीही माफ." ती दप्तर भरायला लागली.

१८ फेब्रुवारी, रविवार

नवा स्टीलचा ट्रे. लाटायचं नाहीच, ओल्या हाताने थापायचं. आकार वेडावाकडा, पण कडा कुरकुरीत.  सगळे मंगळवारची वाट बघतोय.

२० फेब्रुवारी, मंगळवार

दुखलं नाही.

१० मे, शुक्रवार

आकडा निम्म्यावर आला. नळी टळली. दारापाशी उभी करून मोजली, दोन बोटं वाढलीय. ही पदराने डोळे पुसत मला म्हणते, "तुम्ही रडू नका."

१२ मे, रविवार

पीठ थापता थापता शेंगेला म्हणालो, "सुट्टी संपून शाळा सुरू झाली की बस मैत्रिणीजवळ. फक्त तिच्या डब्यातलं खाऊ नकोस."

"मी कधीच खाल्लं नव्हतं."

"मग खाल्लं असं का सांगितलंस?"

"तू पिझ्झा बंद करणार होतास. त्यानेच दुखतं हे मला दुसऱ्याच रविवारनंतर कळलं होतं, बाबा. पण तू शीळ घालायचास."